आत्ता, की कमिटच्या वेळी?

नववी ‘ब’च्या वर्गात जुलैमध्ये एक नवा मुलगा येतो. हजेरीपट आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने लावलेला आहे आणि मुलाचं आडनाव देशमुख, म्हणजे त्याला १२ वा क्रमांक मिळायला हवा. साहजिकच आजवर १२ ते ४० या क्रमांकांवर असलेली मुलं एकेकाने पुढे सरकणार. कागदी हजेरीपट असेल तर बाई खाडाखोड करतील, नाहीतर कंटाळून नव्या मुलाला शेवटी ४१ वा टाकतील. हजेरीपट डेटाबेसमध्ये असेल तर मात्र हे एका आज्ञेचं काम आहे: ज्यांचा क्रमांक १२ किंवा त्याहून मोठा, त्या सगळ्यांच्या क्रमांकात एक मिळवा.

टेबलावर एक नियम आधीच घातलेला आहे. एका वर्गात एक हजेरी क्रमांक दोघांना असू शकत नाही. ओरॅकलला वरची आज्ञा दिली तर ती मुकाट्याने पार पडते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवरही पार पडते. तीच आज्ञा पोस्टग्रेसला दिली, तर बहुधा तिथल्या तिथे एरर येते: १३ हा क्रमांक आधीच आहे, युनिक नियम मोडतोय. मायएसक्यूएलचंही उत्तर तेच.

टेबल तेच, नियम तोच, आज्ञाही तीच. आज्ञेआधीची यादी नियमात बसते आणि नंतरची यादीही बसली असती. पण मधे एक क्षण असा येतो, की १२ वाल्याचा १३ झालेला असतो आणि जुना १३ वाला अजून जागचा हललेला नसतो. त्या क्षणी वर्गात दोन तेरा असतात. पोस्टग्रेसने नेमकं त्याच क्षणी विचारलं. ओरॅकलने सगळे सरकेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं. नियम काय आहे हे टेबलाच्या व्याख्येत लिहिलेलं दिसतं. तो कधी विचारला जाणार हे बहुतेक जण वाचतच नाहीत.

नियमांचे प्रकार थोडक्यात उरकू. ‘नॉट नल’ म्हणजे रकाना रिकामा चालणार नाही. ‘चेक’ म्हणजे एका ओळीपुरती अट, उदाहरणार्थ हजेरी क्रमांक शून्यापेक्षा मोठाच हवा. ‘युनिक’ आणि ‘प्रायमरी की’ म्हणजे पुनरावृत्ती नको. ‘फॉरेन की’ दोन टेबलांना बांधते: विद्यार्थ्याच्या ओळीत वर्ग ‘नववी ब’ लिहिला असेल, तर वर्गांच्या टेबलात नववी ‘ब’ असलीच पाहिजे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा तो नियम. यातले पहिले दोन त्या एका ओळीकडे पाहून निकालात निघतात, म्हणून त्यांच्या वेळेबद्दल फारसा वाद होत नाही. नंतरच्यांना मात्र इतर ओळींकडे, इतर टेबलांकडे पाहावं लागतं. आणि इतर ओळी त्याच वेळी बदलत असतील, तर केव्हा पाहिलं यावर उत्तर ठरतं.

हा प्रश्न रिलेशनल डेटाबेसइतकाच जुना आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये जो मूळ निबंध लिहिला, त्यातच सुसंगतीवर एक छोटा भाग आहे. प्रत्येक भर, प्रत्येक वगळणी, कीमधला प्रत्येक बदल होताच तपासा, हा त्यांनी मांडलेला एक मार्ग. त्याने कामाचा वेग मंदावेल हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. दुसरा मार्ग म्हणजे दिवसातून एकदा किंवा त्याहूनही विरळ, सगळी तपासणी एकगठ्ठा करा, आणि बदलांची नोंदवही ठेवली असेल तर बिघाड कोणी केला ते मागे जाऊन शोधा. आज दुसरा मार्ग वाचून हसू येतं. पण आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत महिनाअखेरीला ‘आकडे जुळवायला’ बसतात, तेव्हा कॉडचा हा दुसरा मार्गच चाललेला असतो.

कॉडच्या दोन टोकांच्या मधली जागा सापडली ती ट्रान्झॅक्शनमुळे. त्याच प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एस्वरन, लॉरी आणि ट्रेगर यांनी, १९७६ च्या निबंधात स्पष्ट लिहिलं की काम चालू असताना डेटाबेस काही काळ विसंगत होणं अटळ आहे. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायचे आहेत, त्या मधल्या अवस्थेत बेरीज चुकणारच. म्हणून बदलांचा एक गठ्ठा करायचा. गठ्ठ्याआधी डेटाबेस सुसंगत, गठ्ठ्यानंतर सुसंगत, आणि मधली अवस्था दुसऱ्या कोणाला दिसू द्यायची नाही. गठ्ठा पक्का करणं म्हणजे कमिट, मोडीत काढणं म्हणजे रोलबॅक. या विचाराने गेलं, तर तपासणीची हक्काची वेळ एकच उरते, ती कमिटची.

मग प्रत्येक डेटाबेस कमिटलाच का तपासत नाही? कारण चूक घडल्या जागी पकडणं फार सोयीचं असतं. तुम्ही ओळ घातली, ती चुकीची होती, लगेच एरर आली. कोणती ओळ, कोणती आज्ञा, सगळं समोर. कमिटच्या वेळी एरर आली तर आधीच्या २०० आज्ञांपैकी खडा कुठे लागला, ते शोधत बसा. शिवाय शेवटी सगळंच फेकायचं असेल, तर त्या २०० आज्ञा चालवण्यात वेळ गेला तो गेला.

एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणाने हा निवाडा टेबल बनवणाऱ्यावर सोपवला. प्रत्येक नियमाला दोन गुण दिले. पहिला, तो पुढे ढकलता येतो की नाही: ‘डिफरेबल’ किंवा ‘नॉट डिफरेबल’. दुसरा, ढकलता येत असेल तर ट्रान्झॅक्शन सुरू होताना त्याची स्थिती कोणती: ‘इनिशियली इमिजिएट’ म्हणजे तपासणी प्रत्येक आज्ञेच्या शेवटी, ‘इनिशियली डिफर्ड’ म्हणजे कमिटला. काहीच लिहिलं नाही तर नियम ढकलता न येणारा. आणि ट्रान्झॅक्शनच्या मधेच ही स्थिती बदलायला ‘सेट कन्स्ट्रेंट्स’ ही आज्ञा. लक्षात घ्या, ‘इमिजिएट’ या शब्दाचा प्रमाणाला अभिप्रेत अर्थ आज्ञा संपल्यावर, असा आहे. ओळ बदलल्या बदलल्या, असा नाही. आपल्या देशमुखच्या वर्गाचं घोडं नेमकं इथे अडलं.

पोस्टग्रेसमध्ये युनिक नियमाची राखण करतो तो इंडेक्स. एखादी ओळ बदलली की पोस्टग्रेस जुनी तशीच ठेवून ओळीची नवी आवृत्ती लिहितं आणि त्या आवृत्तीची नोंद इंडेक्समध्ये घालायला जातं. नोंद घालण्यासाठी इंडेक्समधल्या नेमक्या जागी पोहोचावंच लागतं, आणि तिथे पोहोचल्यावर शेजारी तीच किंमत असलेली जिवंत ओळ आहे का, हे पाहायला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून तपासणी तिथेच उरकली जाते, ओळीगणिक. स्वस्तात होतं, पण प्रमाणाला सोडून होतं; पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात हे प्रांजळपणे लिहिलेलं आहे.

याचा एक उपद्रवी परिणाम असा, की आज्ञा यशस्वी होणार की नाही हे ओळी कोणत्या क्रमाने हाताळल्या जातात यावर ठरतं. टेबलात ४० वाला आधी भेटला आणि १२ वाला शेवटी, तर प्रत्येकाला पुढची जागा रिकामीच मिळते आणि एरर येत नाही. हा क्रम ओळी डिस्कवर कशा पडल्या आहेत आणि डेटाबेसने कोणता रस्ता धरला यावर अवलंबून. म्हणजे चाचणीच्या टेबलावर बिनबोभाट चाललेली आज्ञा खऱ्या टेबलावर कोसळू शकते, आणि प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं.

यावर लोकांनी काढलेल्या युक्त्या मजेदार आहेत. मायएसक्यूएलमध्ये अपडेटच्या आज्ञेलाच उतरता क्रम जोडता येतो: मोठ्या क्रमांकापासून सुरू कर. पोस्टग्रेसच्या अपडेटला ती सोय नाही, म्हणून लोक दोन पायऱ्या करतात. आधी सगळ्यांना उणे क्रमांक द्यायचे, १२ चे उणे १३, १३ चे उणे १४. मग एका फटक्यात चिन्ह उलटवायचं. छान चालतं, पण ‘क्रमांक शून्यापेक्षा मोठाच हवा’ असा चेक घातलेला असेल तर पहिल्याच पायरीवर आपटी. आणि पोस्टग्रेसमध्ये चेक आणि नॉट नल हे नियम कधीच ढकलता येत नाहीत. मग उणेऐवजी हजार मिळवा आणि नंतर ९९९ वजा करा. हे सगळं करण्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे तो युनिक नियम बनवतानाच ‘डिफरेबल’ म्हणून बनवणं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१० साली ९.० या आवृत्तीत आली. डिफरेबल युनिक ‘इनिशियली इमिजिएट’ ठेवला तरी पुरतं; तपासणी आज्ञेच्या शेवटी जाते आणि देशमुखला जागा मिळते. आतून होतं ते असं: इंडेक्स संशयित नोंदही आत घेतो, तिचं नाव एका यादीत टिपून ठेवतो आणि आज्ञा संपल्यावर फक्त त्या यादीतल्यांची पुन्हा झडती घेतो.

आज्ञेच्या शेवटापर्यंत थांबून भागत नाही, अशीही ठिकाणं असतात. समजा वर्गांच्या टेबलात प्रत्येक वर्गाला मॉनिटर हवाच, आणि मॉनिटर विद्यार्थ्यांच्या टेबलातला हवा. विद्यार्थ्यांच्या टेबलात प्रत्येक विद्यार्थ्याला वर्ग हवाच, आणि तो वर्गांच्या टेबलातला हवा. दोन्ही नियम एकेकटे अगदी शहाणे. दोन्ही टेबलं रिकामी असताना पहिली ओळ कुठे घालणार? नववी ‘ब’ घालायला गेलं तर मॉनिटर नाही. मॉनिटर घालायला गेलं तर नववी ‘ब’ नाही. दोन फॉरेन कींपैकी एक जरी कमिटपर्यंत ढकलता आली, तर गाठ सुटते: ट्रान्झॅक्शन सुरू करा, नववी ‘ब’ घाला आणि मॉनिटर म्हणून जनरल रजिस्टर क्रमांक ५०१ लिहा, मग ५०१ क्रमांकाचा विद्यार्थी घाला, कमिट करा. मधल्या काही क्षणांत वर्गाला अस्तित्वात नसलेला मॉनिटर असतो, पण बाहेरच्या कोणालाही तो वर्गच अजून दिसत नसतो.

पोस्टग्रेसमध्ये इथे एक गंमत आहे. फॉरेन की ढकलता न येणारी असली तरी तिची तपासणी आज्ञेच्या शेवटी होते, युनिकसारखी ओळीगणिक नाही. म्हणून ‘विथ’ वापरून दोन्ही ओळी एकाच आज्ञेत घातल्या, तर काहीही न ढकलता हे काम होतं. एकाच डेटाबेसमध्ये दोन नियमांची घड्याळं वेगळी चालतात ती अशी. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन फॉरेन कीही ओळीगणिक तपासतं आणि ढकलण्याची सोय देतच नाही. एसक्यूएल सर्व्हरही ती देत नाही, पण निदान आज्ञेच्या शेवटापर्यंत थांबतो. ओरॅकलने सर्वात उदार धोरण ठेवलंय. तिथे चेक आणि नॉट नलसुद्धा ढकलता येतात.

ढकलण्याची किंमत कमिटच्या वेळी कळते. बहुतेक प्रोग्रॅमर कमिटकडे औपचारिकता म्हणून पाहतात. आज्ञा चालल्या, एरर आली नाही, म्हणजे झालं; मग पालकांना एसएमएस पाठवा, ‘आपल्या पाल्याचा प्रवेश निश्चित झाला’, आणि कमिट करा. ढकललेला नियम मोडलेला असेल तर हा एसएमएस खोटा ठरतो. ओरॅकल अशा वेळी ओआरए-०२०९१ ही एरर देतं, म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घेतलं, आणि खरं कारण त्याखालच्या ओळीत असतं. घाईत वाचणारा वरचीच ओळ वाचून डोकं खाजवत बसतो. पोस्टग्रेसही सगळं मोडीत काढतं. आपल्या फोनमध्ये हमखास असणारं एसक्यूलाइट मात्र वेगळं वागतं. तिथे फक्त फॉरेन की ढकलता येते. मोडलेल्या नियमांचा ते एक आकडा ठेवतं, आणि कमिटच्या वेळी तो शून्य नसेल तर कमिट नाकारतं, पण ट्रान्झॅक्शन उघडंच ठेवतं. राहिलेली ओळ घाला आणि पुन्हा कमिट करा. मला हे वागणं अधिक सभ्य वाटतं.

कमिटपूर्वी धोका तपासायचा एक साधा रस्ता प्रमाणातच आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. शेवटची आज्ञा झाली की ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ म्हणा. या आज्ञेचा अंमल मागच्या बदलांवरही होतो. साचलेली सगळी तपासणी त्याच क्षणी होते आणि काही मोडलं असेल तर ती आज्ञाच अपयशी ठरते. एसएमएस अजून गेलेला नसतो.

ढकलण्याला तत्त्वतःच विरोध करणारेही आहेत, आणि ते साधेसुधे नाहीत. अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी ज्यांचं डेटाबेसचं जाडजूड पाठ्यपुस्तक वाचलं ते ख्रिस डेट, आणि त्यांचे सहकारी ह्यू डार्वेन, यांचं म्हणणं असं की डेटाबेस कोणत्याही आज्ञेच्या शेवटी विसंगत असता कामा नये. कमिटपर्यंत सूट ही चूकच. इतरांना मधली अवस्था दिसत नाही हे खरं, पण ते ट्रान्झॅक्शन स्वतः तर पाहतं ना? वरच्या उदाहरणात दोन आज्ञांच्या मधे कोणी वर्ग आणि मॉनिटरचं नाव जोडून मागितलं, तर नववी ‘ब’ यादीतून गायब होईल, कारण जोडायला विद्यार्थीच नाही. नियम पाळला जातोय असं गृहीत धरून लिहिलेली क्वेरी खोटं उत्तर देईल, तेही एरर न देता. त्यांचा उपाय म्हणजे अनेक टेबलांतले बदल एकाच आज्ञेत लिहिता यायला हवेत आणि तपासणी त्या आज्ञेच्या अर्धविरामापाशी व्हावी. पोस्टग्रेसमधली ‘विथ’ची करामत म्हणजे याचंच छोटं रूप. डेट यांची भीती निराधार नाही हे खुद्द पोस्टग्रेसच्या वागण्यातून दिसतं: क्वेरी वेगवान करताना अनावश्यक जोडणी गाळायची असेल, तर त्याचा नियोजक डिफरेबल युनिकवर विश्वास ठेवत नाही.

मला स्वतःला डेट यांचं पटतं, पण त्यांच्या कल्पनेतली भाषा आपल्या हातात नाही. हातात आहे ते एसक्यूएल, आणि त्यात ढकलणं हा शेवटचा नसला तरी शेवटून दुसरा पर्याय म्हणून ठेवावा.

शेवटचा पर्याय म्हणजे तपासणी बंदच करणं. याची गल्लत ढकलण्याशी सर्रास होते. ढकललेली तपासणी ही उधारी आहे, कमिटच्या दारात ती चुकती केल्याशिवाय सुटका नाही. बंद केलेली तपासणी म्हणजे कर्जमाफी. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीची तपासणी एका स्विचने बंद करता येते. मोठा डेटा भरताना लोक ती करतात आणि बॅकअपच्या फायलींच्या सुरुवातीला ती ओळ असतेच. पण स्विच पुन्हा चालू केल्यावर मधल्या काळात आत शिरलेल्या ओळी कोणी तपासत नाही. नियम कागदावर तसाच दिसतो आणि टेबलात पोरके विद्यार्थी नांदत राहतात. एसक्यूएल सर्व्हर यात जरा प्रामाणिक: नियम बंद करून, जुन्या ओळी न तपासता चालू केला, तर त्यावर ‘विश्वासार्ह नाही’ असा शिक्का बसतो. पूर्ण तपासणीसह चालू करायची आज्ञा लिहिताना ‘चेक’ हा शब्द लागोपाठ दोनदा लिहावा लागतो, आणि घाईत एकदाच लिहिणाऱ्यांमुळेच तो शिक्का इतक्या डेटाबेसांत सापडतो. मायएसक्यूएलने तर ‘चेक’ नियमांच्या बाबतीत वर्षानुवर्षं कमालच केली होती. लिहिलेला नियम ते बिनतक्रार वाचायचं आणि सोडून द्यायचं. २०१९ मध्ये ८.०.१६ ही आवृत्ती आली तेव्हा कुठे तो पाळला जाऊ लागला.

तपासणीच्या वेळेचा संबंध इतर लोकांशीही येतो. दोन खिडक्यांवरच्या दोन कारकुनांनी एकाच वेळी जनरल रजिस्टरचा ५०२ हा क्रमांक दिला, तर दुसऱ्याची आज्ञा एरर न देता नुसती थांबते. पहिल्याने कमिट केलं तर दुसऱ्याला एरर. पहिल्याने रोलबॅक केलं तर दुसऱ्याचं काम पुढे. पहिला कारकून ट्रान्झॅक्शन उघडं टाकून चहाला गेला, की दुसऱ्याच्या पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि रांगेतले पालक कारकुनाला बोलतात. नियम ढकललेला असेल तर दुसऱ्याचं काम तेव्हा अडत नाही. त्याला थांबावं लागतं कमिटच्या वेळी. थांबणं टळत नाही, फक्त जागा बदलते.

तर पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी टेबल बनवायला बसताना चार गोष्टी पाहून घ्याव्यात. फॉरेन की नंतर डिफरेबल करता येते, एका ‘आल्टर’च्या आज्ञेने, युनिक आणि प्रायमरी की मात्र पाडून पुन्हा बांधाव्या लागतात. डिफरेबल युनिक किंवा प्रायमरी कीकडे दुसऱ्या टेबलाची फॉरेन की बोट दाखवू शकत नाही. ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल डिफर्ड’ म्हटल्यावर न ढकलता येणारे नियम निमूटपणे वगळले जातात, कसलीही सूचना येत नाही. आणि हीच आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या बाहेर दिली तर एक इशारा मिळतो, परिणाम शून्य. यातून हजेरीपटापुरता निकाल सरळ निघतो: जनरल रजिस्टर क्रमांक प्रायमरी की करा आणि तो ढकलता येणार नाही असाच ठेवा, कारण सगळी टेबलं त्याच्याकडे बोट दाखवणार आणि तो जन्मात बदलायचा नाही. हजेरी क्रमांक दरवर्षी, क्वचित दर महिन्याला सरकणार. त्याच्यावरचा युनिक डिफरेबल करा, आणि दुसऱ्या कुठल्याही टेबलाला त्याच्यावर विसंबू देऊ नका.